पहिल्या पानावरची नावे

आपल्या वाचनालयाच्या ग्रंथपाल श्रीमती रत्नमालाबाई साळवे यांचा आणि माझा पहिला परिचय एका राहून गेलेल्या सहीमुळे झाला. मी तेव्हा हायस्कुलात संस्कृत शिकवीत असे आणि वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर होतो. पोथ्यांचे कपाट म्हणजे जणू माझ्याच देवघराचा एक कोनाडा, अशी माझी समजूत होती. चातुर्मासातील वाचनासाठी एक पोथी छातीशी धरून मी दाराकडे निघालो, तोच नव्याने रुजू झालेल्या बाई टेबलामागून म्हणाल्या, “गुरुजी, सही राहिली.”

“मला येथे सगळे ओळखतात,” मी जरा ताठ्यानेच म्हणालो.

“मीही ओळखते. वही ओळखत नाही ना.”

मी सही केली. घरी पोचेपर्यंत राग होता. पोथी उघडल्यावर तो टिकला नाही. त्यानंतर आजवर सही न करता मी त्या दारातून एकही पुस्तक बाहेर नेलेले नाही.

रत्नमालाबाईंना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्याच महिन्यात त्या सेवेतून मोकळ्या होत आहेत. गौरवग्रंथाच्या संपादकांनी माझ्याकडे प्रसन्न लेख मागितला आहे. तो माझ्या हातून होईल असे वाटत नाही. वय ऐंशीच्या पुढे गेले. एका डोळ्याला अक्षर दिसते, दुसऱ्याला त्याची केवळ सावली. शिवाय ज्या वर्षांविषयी लिहायचे, ती वर्षेच दमवणारी होती. तेव्हा या लेखातील थकवा वाचकांनी माझ्या एकट्याचा समजू नये.

बाईंचे घराणे बौद्ध. वडील साखर कारखान्यात कामाला होते आणि मुलीने शिकावे म्हणून त्यांनी स्वतःच्या कित्येक सुखांना नकार दिला. माझे आयुष्य संध्या, पोथी आणि पारायण यांत गेलेले. यावरून आमच्यात थट्टा चाले. एकदा खालच्या फळीवरच्या पुस्तकाला त्यांचा पाय लागला आणि हात चटकन कपाळाला गेला. मी म्हणालो, “बाई, घरी देव्हारा नाही म्हणता. मग हा नमस्कार कोणाला?”

“ज्यानं एवढं लिहिलं त्याला. आणि ज्यानं आणून दिलं त्यालाही.”

दुसरे वाक्य मी तेव्हा ऐकून सोडून दिले. ते सोडून द्यायला नको होते, हे कळायला मला पुष्कळ वर्षे लागली.

बाईंनी पन्नाशी ओलांडल्यावर वरून आदेश आला की, सर्व पुस्तकांच्या नोंदी संगणकावर, आणि त्याही ऑनलाइन झाल्या पाहिजेत. नगरला प्रशिक्षण झाले. शिकवणारे तरुण गृहस्थ इतक्या वेगाने बोलत की, बाईंनी पडद्याकडे पाहणे सोडले आणि दोनशे पानी वहीत एकेक पायरी लिहून घेतली: कोठे दाबायचे, काय उघडते, काय बिघडते. परतल्यावर त्या सकाळी वाचकांना पुस्तके देत आणि दुपारभर नोंदी भरत. पासवर्ड सारखा बदलावा लागे, त्याने त्या फार त्रासत. म्हणत, “गुरुजी, तुमचे देव बरे. एकदा मंत्र दिला की जन्मभर तोच चालतो. हे यंत्र दर थोड्या दिवसांनी नवा मंत्र मागतं.”

तरीही त्यांनी शिकणे थांबवले नाही. दर गुरुवारी दुपारी केडगावच्या एक ग्रंथपालबाई, राजूरकडील एका डोंगरगावचे ग्रंथपाल किसनभाऊ आणि आपल्या बाई असे तिघे व्हिडिओ कॉलवर भेटू लागले. प्रत्येकाने आठवडाभर एखादे नवे साधन वापरून पाहायचे आणि गुरुवारी त्याचा अनुभव सांगायचा. बाईंचा नियम एकच होता: “काय जमलं ते नंतर. आधी काय बिघडलं ते सांगा.” कोणी बोललेले टाइप करणारे साधन आणी, कोणी पुस्तकांचा सारांश लिहिणारे. त्या सारांशात मूळ पुस्तकात नसलेल्या गोष्टी निघत आणि तिघे मिळून त्या शोधून काढत. किसनभाऊंच्या गावात व्हिडिओपुरती रेंज नसे. ते पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चढून बसत आणि ओरडत, “ताई, तुमी दिसता, पन आवाज न्हाई!”

बाई कागदावर लिहून तो पडद्यासमोर धरत, “किसनभाऊ, आवाज तुम्हीच बंद केलाय. बोटाखाली बघा.”

“व्हय की! ह्ये बेनं कवा दाबलं गेलं?”

आता त्या प्रसंगाकडे येतो, ज्यासाठी मी ही लेखणी उचलली. आपल्या गावात जुनी रीत आहे. घरातील कोणी गेले की, त्या व्यक्तीच्या नावे एक पुस्तक वाचनालयाला द्यायचे. पहिल्या पानावर चिठ्ठी डकवून ग्रंथपालांनी त्यावर शाईने ‘अमक्यांच्या स्मरणार्थ’ असे लिहायचे, आणि दाखल नोंदवहीतल्या शेऱ्याच्या रकान्यातही ते उतरवायचे. अशा रीतीने एकाच मराठी शब्दकोशाच्या तीन प्रती निरनिराळ्या घरांतून आपल्याकडे आल्या होत्या.

संगणकाने त्या तीन नोंदी एकसारख्या म्हणून दाखवल्या आणि एकत्र करू का, असे विचारले. नोंदी भरून बाईंचे मनगट सुजले होते. त्यांनी होकार दिला. क्षणात तिन्हींची एक नोंद झाली. मग अशा कितीतरी नोंदी एकत्र झाल्या, फळ्या मोकळ्या झाल्या. मंडळाच्या सभेत अभिनंदनाचा ठराव मीच मांडला. जादा प्रती ज्या वाचनालयांकडे पुस्तके थोडी आहेत त्यांना द्याव्यात, ही सूचनाही माझीच. किसनभाऊंकडे दोन खोकी रवाना झाली. नोंदी एकत्र करताना यंत्र फक्त पहिल्या नोंदीचा शेरा ठेवते आणि बाकीचे पुसून टाकते, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही.

मुळा धरणाच्या अंगाला वस्तीवर राहणाऱ्या हौसाबाईंना आपल्यापैकी पुष्कळ जण ओळखतात. त्यांची मुलगी सुनंदा शिक्षिका होण्यासाठी आपल्या वाचनालयात अभ्यासाला बसत असे. तापाचे निमित्त झाले आणि ती गेली. त्या वेळी शब्दकोशाची एकच प्रत होती आणि तिची पाळी येण्यासाठी सुनंदाला ताटकळावे लागे. म्हणून आईने मजुरीतून तोच कोश तिच्या नावे दिला. हौसाबाईंना अक्षरओळख नाही. दरवर्षी मुलगी गेल्याच्या दिवशी त्या येतात, बाई पहिले पान उघडून देतात, त्या नावावरून हात फिरवतात, थोडा वेळ बसतात आणि परत जातात. त्यानंतरच घरी जाऊन अन्न घेतात.

त्या वर्षीही त्या आल्या. मी वर्तमानपत्रांच्या टेबलाशी होतो. कोश फळीवर होता. बाईंनी पहिले पान उघडले आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. त्यावर माझ्या वडिलांचे नाव होते. आमची प्रत आधी दाखल झाली होती, म्हणून यंत्राने ती ठेवली होती.

मंडळाचे एक सभासद हलकेच म्हणाले, “बाइंडिंगला गेलंय म्हणा. पुढच्या आठवड्यात मागवून घेऊ.” मीही मान हलवली, हे येथे लपवीत नाही.

बाई टेबलामागून उठल्या आणि बाकावर हौसाबाईंशेजारी जाऊन बसल्या. “मावशी, पुस्तक इथं नाही. माझ्या हातून गेलं.”

“गेलं म्हंजी?”

“दुसऱ्या गावाला दिलं. पहिलं पान न बघता.”

हौसाबाईंनी संगणकाकडे बोट केले. “आन् नाव? ते तरी त्या पेटीत हाय का?”

“नाही. तिथूनही पुसलं गेलं. तेही मीच पुसलं.”

हौसाबाई रागावल्या नाहीत. ते सोसणे अधिक जड गेले. त्या एवढेच म्हणाल्या, “लोक म्हनत हुते, लई भारी यंत्र आनलंय.”

“आठ दिवस द्या मावशी. मी स्वतः जाऊन आणते.”

“दिस आजचा हाय, बाई.”

तर्पणात नाव आणि गोत्र उच्चारल्यावाचून ओंजळीतले पाणी पोचत नाही, असे मी जन्मभर सांगत आलो. त्या दिवशी एका मुलीचे नाव माझ्याच ठरावाने पुसले गेले होते आणि माझ्याजवळ एकही मंत्र नव्हता.

तो गुरुवार नव्हता. तरीही बाईंनी किसनभाऊंना फोन लावला. त्यांनी खोकी उपसली, कोशाच्या दोन प्रती काढल्या आणि त्या काखोटीला मारून ते टाकीचा जिना चढले. पडद्यावर पान आले, पण चिठ्ठी दिसेना.

“ताई, चिठ्ठीवर आमचं ष्टिकर लावलंय की.”

“काढा.”

“फाटंल.”

“रुमाल ओला करा आणि धरून ठेवा. ओढू नका. आम्हांला घाई नाही.”

किसनभाऊंनी टाकीच्या नळाखाली रुमाल भिजवला. दोनदा रेंज गेली, दोनदा पुन्हा लागली. पहिल्या प्रतीवर भलतेच नाव निघाले. दुसरीवरचा कागद कडेने सुटू लागला. मी पडद्याजवळ वाकून अक्षरे लावू लागलो.

“तुमी सरका, गुरुजी,” हौसाबाई म्हणाल्या.

त्यांनी अक्षरांकडे पाहिलेच नाही. चिठ्ठीच्या कोपऱ्यात एक निळसर डाग उघडा पडला होता, त्यावर पडद्यावरूनच त्यांनी बोट ठेवले. “ह्योच. ह्यो डाग माझा हाय. शाई वली हुती, मी बोट लावलं. ह्या बाई तवा रागावल्या हुत्या.”

“मी नव्हते हो रागावले, मावशी.”

“रागावल्या हुत्या. मला ठावं हाय.”

बाई त्या दिवसात प्रथमच हसल्या. मग किसनभाऊंनी टाकीच्या जिन्यावरून ते नाव मोठ्याने वाचले, आणि हौसाबाई जेवायला घरी गेल्या. पुढच्या आठवड्यात बाई स्वतः जाऊन तो कोश घेऊन आल्या.

येथे गोष्ट संपली असती तर हा लेख प्रसन्न झाला असता. पुढच्या सभेत बाईंनी आपली चूक इतिवृत्तात लिहून घ्यायला लावली आणि अभिनंदनाचा ठराव मागे घ्यावा, असा आग्रह धरला. काही जण म्हणाले, यंत्र काढून टाका, जुनी कार्डेच बरी. बाई म्हणाल्या, “यंत्रानं विचारलं होतं. हो मी म्हटलं. ते राहू द्या, मी नीट शिकते.” मग जुनी दाखल नोंदवही पहिल्या पानापासून उघडली गेली. ज्या ज्या नोंदी एकत्र झाल्या होत्या, त्या सोडवून प्रत्येक प्रतीपुढे ती ज्यांच्या स्मरणार्थ आली त्यांचे नाव परत घालायचे होते; त्यासाठी बाईंनी संगणकात ‘स्मरणार्थ’ असा वेगळा रकाना करून घेतला. मी एका डोळ्याने वाचीत असे, बाई टाइप करीत असत. महिनेच्या महिने दुपारी आम्ही गेलेल्यांची नावे उच्चारीत होतो. काही पानांना वाळवी लागलेली. तेथे बाई लिहीत, ‘नाव वाचता आले नाही, ठाऊक असल्यास कळवावे.’ काही घरांतील माणसे येऊन सांगून गेली. काही नावे मात्र आलीच नाहीत, आणि आता येतील असे वाटत नाही. गुरुवारच्या बैठकीत मात्र नियमात भर पडली: कोणत्याही दोन नोंदी एकत्र करण्याआधी दोन्ही पुस्तकांचे पहिले पान उघडायचे.

जुन्या हस्तलिखितांच्या शेवटी लेखकू आपली मोडलेली पाठ आणि वाकलेली मान यांचे गाऱ्हाणे नोंदवतो, आणि चुकीची क्षमा मागतो. पोथी वाचताना त्या ओळी मी नेहमी घाईने संपवीत असे. आता त्या वाचताना मला मनगटाला पट्टा बांधून बसलेल्या रत्नमालाबाई दिसतात.

त्यांच्या ममतेविषयीही एक सांगितले पाहिजे. माझ्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर वाचन बंद होते. बाईंनी माझ्या नित्यपाठाच्या पानांचे फोटो घेऊन ते वाचून दाखवणारे साधन माझ्या मोबाईलवर बसवून दिले. यंत्राचे उच्चार ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मी तक्रार केली, तेव्हा त्या म्हणाल्या, “तुम्ही चुका सांगा, मी लिहून घेते. तेवढाच तुमचा पाठ होईल.” आणि खरोखरच पंधरा दिवस त्या रोज संध्याकाळी पाच वाजता येऊन, ज्या ग्रंथावर त्यांची श्रद्धा नाही त्याचे अशुद्ध उच्चार माझ्याकडून दुरुस्त करून घेत बसल्या.

आता त्या निवृत्त होत आहेत. नवे साधन येतच राहील, नवा आदेशही येईल, आणि ते शिकायला दुसरे कोणी बसेल. बाईंनी विश्रांती घ्यावी, मनगट बरे व्हावे, दुपारी निवांत झोप लागावी, एवढेच माझ्यासारख्याने मागावे. हा ग्रंथ छापून आला की, त्याची एक प्रत आपल्या वाचनालयात दाखल होईल. नोंद भरताना संगणक त्यांनीच घालून दिलेला रकाना उघडील आणि विचारील, कोणाच्या स्मरणार्थ? माझ्यानंतर, माझ्यानंतरच्यांनंतरही, रत्नमालाबाईंच्या नावापुढे तो रकाना रिकामाच राहो, ही मी ज्या देवाला मानतो त्याच्या चरणी प्रार्थना आहे.