दस्त्यावरची दोन अक्षरं

मुलीकडे अमेरिकेत आलो होतो. तिने मला गावातलं छोटं संग्रहालय दाखवायला नेलं. तिथे काचेआड एक जुनी बंदूक होती. हा देश अगदी नवा होता, तेव्हा राज्य सरकारने आपल्या सैन्यासाठी ती इथल्याच एका कारखानदाराकडून ठेक्याने बनवून घेतलेली. बघणारे नळीकडे बघत होते; माझी नजर लाकडी दस्त्यावर ठोकलेल्या दोन अक्षरांवर अडकली.

"बनवणाऱ्याची सही का, बाबा?"

"नाही गं, तपासनिसाची. त्याने हे ठोकलं, की मगच सरकार माल घ्यायचं."

मला हे कळणारच. दारूगोळ्याच्या कारखान्यात जन्मभर मी तेच केलं. तोफगोळ्याला गेज, म्हणजे जाडी तपासायचं मापकडं, लावायचा, नीट बघायचं आणि आपला शिक्का ठोकायचा.

एका दुपारी गेज किंचित अडल्यासारखा वाटला. जाड गोळा तोफेच्या नळीतच अडकून फुटू शकतो. पुन्हा लावून बघणार, तोच मागून साहेब म्हणाले, "आटपा, गाडी उभी आहे." मी ठोकला शिक्का.

या दोन अक्षरांच्या मालकामागेही कुणी असंच उभं असेल का? त्याच्या घोडागाड्याही दारात खोळंबल्या असतील का?

माझ्या त्या गोळ्याची तक्रार कधीच आली नाही. इतकी वर्षं मी त्याच भरवशावर झोपतो. पण तक्रार करायला माणूस मागे उरावा लागतो.

"शिक्का आहे म्हणजे बंदूक चांगलीच असणार, नाही का?" मुलगी म्हणाली.

मी होकारार्थी मान डोलावली. न तपासता, पुन्हा एकदा.