एकही घर सापडलं नाही

रिकाम्या पानावर आक्कांचा कधीच विश्वास नसायचा. बेळगावातल्या आमच्या छोट्या ऑफिसात आम्ही जँगो नावाच्या सॉफ्टवेअरवर वेबसाइट बांधायचो, आणि आक्का आमच्यात सीनियर. पडद्यावर ‘काही सापडलं नाही’ असं आलं, की डेटाबेसच रिकामा आहे म्हणून आम्ही मोकळे व्हायचो. आक्का खुर्ची ओढून शेजारी बसायच्या. "न्हाय म्हंजे? न्हायच हाय, का कुणी गाळलंय, ते आधी बघ रं." मग नोंदी गाळणारा एकेक फिल्टर काढत जायच्या आणि हरवलेल्या नोंदी मुकाट बाहेर यायच्या.

त्या निपाणीहून रोज बसनं यायच्या. इथंच खोली का घेत नाही, असं विचारलं तर हसायच्या. "आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असतीया."

म्हणूनच भाड्याच्या घरांच्या वेबसाइटचं काम आलं तेव्हा आक्का हरखल्या. नाव भरा, भाग निवडा, रिकामी घरं समोर. घरमालकाच्या दारात उभं राहायला नको. शोधाचं पान त्यांनी जीव ओतून लिहिलं. मग गिऱ्हाइकाचा निरोप आला, काही आडनावांना घरं दिसू नयेत. आक्कांनी नकार दिला. आमच्या साहेबांनी स्वतःच ती आडनावं गाळणारी कोडची ओळ घातली. वर म्हणाले, "जात कुठं विचारतोय आपण?"

गिऱ्हाईक साइट बघायला आलं, त्या दिवशी आक्कांनी सगळ्यांसमोर स्वतःचंच नाव भरलं. अख्ख्या बेळगावात एकही घर नाही. "बरोबर चालतंय, साहेब," त्या म्हणाल्या. "आधी माणसं खोटं बोलत हुती, आता मशीन बोलतंय." आणि सगळ्यांदेखत ती ओळ त्यांनी खोडून टाकली. गिऱ्हाईक हसलं. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो.

संध्याकाळी साहेबांनी ओळ परत घातली. आक्कांना कुणी काढलं नाही, हे ते आजही मोठ्या तोऱ्यात सांगतात. आधी त्यांना मीटिंगचं बोलावणं बंद झालं, मग काम येणं. शेवटी राजीनामा देऊन जाताना आक्का मला म्हणाल्या, "मला खोडलं न्हाय रं. नुसतं गाळलं."

परवा निपाणीजवळच्या कोगनोळीची एक मुलगी आमच्याकडे नोकरीला लागली. जेवताना तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला. "अण्णा, मच्छे गावापासून टिळकवाडीपर्यंत शोधलं. बेळगावात एकबी खोली रिकामी न्हाय व्हय?"

मी पान पाहिलं, आमच्याच साइटचं. वर तिचं नाव होतं. आडनाव आक्कांचंच.