लाईनमनकाका आणि बाबांचं फोल्डर

लाईनमनकाका कॉम्प्युटर दुरुस्त करायला आले की कॉम्प्युटरकडे ढुंकूनही बघत नसत. आधी ओटीवर बसून चहा पीत आणि घरातल्या एकेकाला समोर बोलावून विचारत, "काय बदललंस?" काय बिघडलं, हा प्रश्न त्यांना मान्यच नव्हता. म्हणत, "बिघडत काय नाय रे. कोनीतरी कायतरी बदलतो, आन् मग सांगतो, मी हातच लावला नाय."

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस मुरबाडहून एसटीने आमच्या शहापूरच्या घरी यायचा. बाबांचा भजनातला जोडीदार. बाबांच्या हौसेखातर त्यांनी ओटीवर एक जुना कॉम्प्युटर सर्व्हर म्हणून बसवला आणि माझ्या व धाकट्या भावाच्या खोलीपर्यंत वायर ओढली. ओटीवरचे फोटो, कागदपत्रं आणि बाबांनी रेकॉर्ड केलेली भजनं खोलीत बसून उघडायची! दोन हजार सालानंतरच्या त्या दिवसांत शेजारीपाजारी ते बघायला यायचे आणि आम्ही उगाच भाव खायचो.

एकदा ही सगळी फोल्डरं रोज सकाळी तासभर गायब व्हायला लागली. मी आठवडाभर सेटिंगमध्ये डोकं फोडलं. काका आले, वायरीवरून बोट फिरवत स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत गेले आणि थांबले. माझी बायको मिक्सर लावायला नेटवर्कच्या डब्याचा प्लग काढत होती. काका बाहेर येऊन म्हणाले, "तिकडची लाइट जातेय. दुसरा बोर्ड बसवू." खरं कारण पुढे तिनेच मला सांगितलं. कुणाची चूक चारचौघांत उघडी करायची नाही, हा त्यांचा स्वभाव. मला तो अजून जमलेला नाही.

मग बाबा गेले. मोठा मुलगा म्हणून मी महिनाभर त्यांचं नाव कमी करत फिरलो. रेशनकार्ड, वीजबिल, सातबारा. त्याच झपाट्यात कॉम्प्युटरवरचं त्यांचं खातंही काढून टाकलं. त्यांची भजनं ऐकायची छाती वर्षभर कुणाची झाली नाही. वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा आई म्हणाली, "त्यांचं एक भजन लाव रे." भजनांचं फोल्डर दिसत होतं, पण उघडेना. परवानगी नाही, एवढंच उत्तर. खोलीतूनही आणि ओटीवरूनही. त्या आवाजाची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

काका आले. चहा झाला. "काय बदललंस?"

"काहीच नाही."

त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. शेवटी मी म्हटलं, "बाबांचं नाव काढलं."

"पोरं पुसून टाकतील म्हणून तुज्या बापानं ती भजनं आपल्या एकट्याच्या नावावर ठेवलेली. तू मालकच काढलास. आता दार कोन उघडील?" आवाज चढला नव्हता. मला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

काका तासभर खटपट करत होते. मुख्य खात्यातून शिरून फोल्डरची मालकी बदलता येत होती. "कोनाच्या नावावर करू?" त्यांनी विचारलं आणि मी सवयीने पुढे झालो. काका आईकडे वळले. "वैनी, तुमचं नाव इंग्रजीत कसं लिवू?" आईचं नाव आम्ही सातबाऱ्यावरही सगळ्यात खाली घातलं होतं. इथे ती एकटी मालकीण झाली.

भजन लागलं. बाबांचा आवाज ओटीभर झाला. काका चष्मा पुसत म्हणाले, "हा टाळ माझा. चुकलाय बघा." आई पदर तोंडाला लावून हसली आणि मग वर्षभराचं रडली.

पुढे काही वर्षांनी काका वारले तेव्हा मी दहाव्याला मुरबाडला गेलो. त्यांचा मुलगा सगळी कागदपत्रं एका पिशवीत घालून बसला होता. त्याला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "बाकी सगळीकडून नाव कमी कर. कॉम्प्युटरवरचं तेवढं राहू दे."