टोपीतलं कार्ड

करमाडहून शहरात येणाऱ्या बसमध्ये ते आजोबा मला रोज दिसत. दोन्ही हातांत विहिरीच्या पाण्याचे कॅन असत. त्यांची लेक शहरात सातव्या मजल्यावर राहायची. तिथं लिफ्ट दिवसभर चढायची, नळाला पाणी मात्र आठवड्यातून एकदा. कॅन खाली ठेवले तर वळणावर कलंडत, म्हणून आजोबा ते सोडत नसत. तिकिटाचं कार्ड टोपीत खोचलेलं. कंडक्टरनं मशीन पुढं केलं, की देवापुढं वाकावं तसं वाकून ते टोपीच मशीनला टेकवत. टुंग वाजे आणि तिकीट निघे.

एकदा तिकिटाचे पैसे देताना ऐन वेळी माझा मोबाइल अडला. खिशात दमडी नव्हती. कंडक्टर म्हणाला, "साहेब, मग शेंद्र्याला उतरा."

"थांब रं," आजोबा म्हणाले, "ह्यांचं बी माझ्याच डोक्यातून काप."

ओशाळून मी त्यांच्या हातातला एक कॅन घेतला. हात मोकळा झाला, तरी ते वाकलेच. टुंग!

"आजोबा, आता हातानं लावायचं ना कार्ड!"

"नको बाबा," ते टोपी सारखी करत म्हणाले. "मशीनला माझ्या डोक्याची वळख झालीय. हाताचं ऐकायचं नाय ते."