दुरुस्त केलेला निबंध

वऱ्हाडात तेव्हा रोज कुठली ना कुठली गाडी बाहेरून यायची. कुणी पाहणी करायला, कुणी फोटो काढायला, कुणी नुसतंच हळहळायला. शेतीचं सगळंच बिनसलं होतं, कर्जापायी शेतकरी जीव देत होते आणि आमचे जिल्हे एकाएकी देशभर माहीत झाले होते. मी अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीपलीकडच्या मुलींच्या एका शाळेत नववीला मराठी शिकवत होते.

मी मूळची अमरावतीची. बी.एड.साठी पुण्याला गेले, तर वसतिगृहात पहिल्याच दिवशी जेवताना "मले भात नको" म्हणाले आणि सगळं टेबल हसलं. वर्षभरात मी जिभेवरचं मले-तुले इतकं घासून काढलं की सुट्टीत घरी आल्यावर आई म्हणाली, "काहून वं, पाहुनीसारखी बोलून राहिली?" पुढे नोकरी लागल्यावर मुलींच्या वहीतलं मले-तुले मी तितक्याच तत्परतेनं लाल शाईनं खोडू लागले. त्यात त्यांचं भलं आहे, अशी माझी खात्री होती.

त्या वर्षी मी गाइडातले निबंध बंद केले. नदीचं मनोगत, छत्रीची आत्मकथा, सगळ्या जणी एकच पान पाठ करून उतरवायच्या. मी फळ्यावर लिहिलं, "मी कोण?" आणि खाली एक अट घातली. स्वतःबद्दलची एक गोष्ट वाचणाऱ्याला पटवून द्यायची.

दोन दिवस कुणीच काही लिहिलं नाही. मग तिसऱ्या बाकावरच्या दोघींनी वह्या दिल्या. त्यातल्या एकीच्या वडिलांचं जवळच गाद्या-रजयांचं दुकान होतं. घरात उर्दू, गल्लीत वऱ्हाडी. तिनं लिहिलं होतं, "लोक मले म्हनतात, तू तं मराठी चांगली बोलते. मी इथलीच हावो, मंग दुसरी कोनती बोलू?" वाचून मी मनापासून हसले आणि तरीही 'मले'वर रेघ मारली.

दुसरी शेंदूरजनाघाटची. शिकायला अकोल्यात मावशीकडे राहायची. बोलणं अगदी कमी. तिनं लिहिलं होतं, "आमचा संत्र्याचा बगिचा वाळला. बाबानं झाडं तोडली. मंग बाबा जीप चालवाले परतवाड्याले चालले गेले. मले त्याईची लय याद येते."

मजकूर चांगला होता, पण मला तो पसरट वाटला. मी तिला जवळ बोलावून सांगितलं, की कमी शब्दांत जास्त सांगता आलं पाहिजे. आणि तिच्यासमोर काटछाट केली. "आमची बाग वाळली. झाडे गेली. मग बाबाही गेले. मला त्यांची फार आठवण येते."

तिनं वाचलं. काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी म्हटलं, "बघ, कसं झालं?" ती म्हणाली, "चांगलं झालं मॅडम." निबंध सुवाच्य अक्षरात उतरवून घेऊन मी तो व्हरांड्यातल्या फलकावर लावला. येता-जाता मीच तो वाचायची.

आठवडाभरात मुंबईच्या एका वर्तमानपत्राची माणसं शाळेत आली. मुख्याध्यापक त्यांना घेऊन व्हरांड्यातून येत होते. त्यातला एक जण फलकापाशी थांबला. वाचून झाल्यावर त्यानं हळू आवाजात विचारलं, "ही मुलगी कोण?" मी अभिमानानं वर्गात जाऊन तिला घेऊन आले. तिच्या खांद्यावर माझा हात होता.

त्यानं विचारलं, "बाबांची आठवण येते?"

ती म्हणाली, "हाओ."

"खूप?"

"लय."

तो इतका हळू का बोलतोय, असं मला क्षणभर वाटलं. पण मुलींशी मायेनं बोलणारा माणूस असेल, म्हणून मी ते सोडून दिलं. फोटो काढून ते निघून गेले.

पंधरा दिवसांनी मधल्या सुट्टीत शिपाई मला बोलवायला आला. ऑफिसात एक उंच, धुळीनं भरलेला माणूस उभा होता. हातात वर्तमानपत्राची घडी. मुख्याध्यापकांनी खुर्ची दिली तरी तो बसला नव्हता.

"मॅडम, मी या फोटोतल्या पोरीचा बाप," तो म्हणाला. "हे पाहा. मले मारून टाकलं."

पेपरात तिचा फोटो होता आणि खाली वडील गमावलेल्या मुलींमध्ये तिचं गाव आणि नाव. माझं 'मग बाबाही गेले' हे वाक्यही होतं, अवतरणचिन्हांत.

शेंदूरजनाघाटला कुणीतरी त्याच्या घरच्यांना तो पेपर दाखवला होता. त्याचा साळा रडत रडत एस.टी.नं परतवाड्याला पोचला, तर हा अड्ड्यावर जीपमध्ये सवारी भरत होता. "मले पाहून त्याले चक्करच आली," तो म्हणाला. त्याला राग आला नव्हता. तो नुसता चक्रावला होता. "मी जित्ता हावो न मॅडम. मंग कोनं लिवलं असं?"

मुख्याध्यापक म्हणाले, "मोठा पेपर आहे. कशाला वाद वाढवता?" तेवढ्यात मुलगी आली. बापाला पाहून आधी हसली, मग पेपर पाहिला आणि दाराशीच थबकली.

मी वर्गात जाऊन तिची वही आणली. बापासमोर उघडली. कुठली ओळ तिची, कुठली माझी, हे बोट ठेवून दाखवलं. त्यानं माझी ओळ दोनदा वाचली.

"वाक्य तं चांगलं हाये मॅडम," तो म्हणाला. "पन याच्यात मी उरलोच नाही."

त्या दिवशी मला कुठेच बसवेना. शिक्षकांच्या खोलीत गेले, परत आले. घरी जाताना पुलावर थांबले, उगाच खाली पाण्याकडे पाहिलं आणि पुन्हा चालू लागले. वसतिगृहातलं ते टेबल आठवत होतं आणि पहिल्यांदाच माझी मलाच चीड येत होती.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात तिला म्हटलं, आपण संपादकांना पत्र लिहू. मी सांगते, तू लिही. तिनं मान हलवली. "नाही मॅडम. मी लिवते."

रजईवाल्याची मुलगी तिच्या शेजारी सरकून बसली. दोघींची कुजबुज चालली. "रडू नको त्याच्यात," ती म्हणत होती. "रडलं का त्याईले तेच पाह्यजे असते." मग पत्र लिहिणारीनं मला विचारलं, "तुमी दुरुस्त केलं ते लिहू का?"

मी म्हटलं, "लिही."

तिनं पत्र वर्गात वाचून दाखवलं.

"संपादक साहेब, माहे बाबा जित्ते हायेत. तुमच्या मानसानं मले इचारलं, बाबाची याद येते का. मी हाओ म्हटलं. बाबा कुठी हायेत, हे इचारलं नाही. वाक्य आमच्या मॅडमनं बारीक केलं, पन इचाराचं काम तुमचं होतं. आमच्या शाळेत दोन पोरीईचे बाबा खरंच नाहीत. त्याईले बी असं उभं करू नका. मले संत्र्याची कलम बांधता येते. बाबाईनं जीपचं चाक बदलवाले शिकवलं. हे बी इचारत जा."

मग मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्याच वाजवू लागल्या. पत्रातला एकही शब्द मी बदलला नाही. बदलावंसं वाटलं नाही असं मात्र म्हणणार नाही.

पत्र मी रजिस्टर पोस्टानं पाठवलं. ते छापून आलं नाही. महिन्याभरानं आतल्या पानावर, कोपऱ्यात, एक ओळ आली, की छायाचित्रातील विद्यार्थिनीचे वडील हयात आहेत. मी ती वर्गात वाचली. पत्र लिहिणारी म्हणाली, "पत्र नाही छापलं तं काय, पोरीईनं ऐकलं न." मला तेवढ्यानं समाधान झालं नाही. मी आणखी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही.

वार्षिक परीक्षेनंतर तिच्या बापानं घरच्यांनाही परतवाड्याला नेलं. दाखला न्यायला दोघं आली. जाताना ती पाया पडायला वाकली, मी तिला मध्येच धरलं. "लिहीत जा" एवढंच म्हणाले.

पुढच्या वर्षी तो विषय द्यावा की नाही, हे महिनाभर ठरेना. मुलींना स्वतःबद्दल लिहायला लावणं म्हणजे त्यांना उघडं पाडणं तर नाही? शेवटी दिला. या खेपेला फलकावर काही लावायचं नाही, हे आधीच सांगितलं. एका मुलीनं पूर्ण पानभर लिहून दिलं. पहिलीच ओळ होती, "मी कोन हावो ते मी सांगनार नाही, आनि काहून सांगनार नाही ते तुमाले पटवून देते." तिनं पाच कारणं दिली होती. पाचही मला पटली. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले आणि वही तिच्या हातात परत दिली. हजेरीतल्या नावापलीकडे ती कोण आहे, हे मला वर्ष संपेपर्यंत कळलं नाही.