दहाच्या नाण्यांचा डबा

आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि दोन वर्षं ती चढलो म्हणून मला लिहिता येतं असंही नाही. पण आज सकाळी नांदेडच्या बसस्थानकासमोर चहावाल्यानं माझं दहाचं नाणं दोन बोटांनी माझ्याकडंच सरकवलं. "चालत नाही भाऊ, नोट द्या." मग चिकटपट्टी लावलेली, घामानं मऊ पडलेली नोट मात्र त्यानं न बघता गल्ल्यात टाकली. पिवळ्या कडेचं ते नाणं ग्लासाशेजारी तसंच पडून राहिलं, आणि मला लोह्याची आत्या आठवली.

आत्या लोह्याच्या स्टँडवर उकडलेल्या शेंगा विकते. दहा रुपयाला एक माप, दुसरा भावच नाही. हदगावपासून जळकोटपर्यंत हे नाणं कुणी घेत नाही. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, विचारलं तर प्रत्येक जण पुढच्याकडं बोट दाखवतो. सरकारनं पाडलेलं, सरकारनं मोडीत न काढलेलं नाणं आमच्याकडं लोकांनीच मोडीत काढलं. रुपयाचं तरी काय वेगळं? एरवी दुकानदार रुपयाच्या बदल्यात गोळी हातावर ठेवतो, आणि लग्नाच्या दिवशी आहेराच्या पाकिटावर लावायला तोच रुपया आख्ख्या गल्लीत शोधत फिरतो. या हिशेबाचा मला खरोखर वैताग येतो.

स्टँडवर नाणं घेणारी एकटी आत्या. मीच तिला मोबाइलवरून वाचून दाखवलं होतं की हे नाणं कायद्यानं चालतं. "हाव बाबा, तू म्हणतूस तर खरंच असंल," ती म्हणाली होती. त्याचा मला केवढा अभिमान. मग काय, सगळ्या स्टँडची नाणी तिच्या पाटीत येऊन पडू लागली. कंडक्टर म्हणायचा, "मावशी, टाकसाळ टाकली का?" शेजारचा केळीवाला त्यावर म्हणायचा, "तिचा भाचा कॉलेजात हाय, त्यानं जीआर काढलाय." आत्या हसायची. कुणी नोट पुढं केली की उलट तीच विचारायची, "नाणं न्हाई का रे?" नाणं मिळालं की अंगठा त्याच्या कडेवरून फिरवायची आणि बिस्किटाच्या डब्यात टाकायची. डबा भरत गेला. शेंगांचा व्यापारी ती नाणी घेईना, किराणावालाही घेईना.

दसऱ्याच्या सुट्टीत माझा धीर सुटला. "आत्या, काहून घेऊन राहिलीस तू हे?"

"नाणं बरं असतं."

"बरं म्हणजे काय? कायदा तुझ्या एकटीसाठीच हाय का? खपत न्हाई ते घरात साठवून काय करणार?"

गिऱ्हाइकांसमोर माझा आवाज चढला होता. शेंगांवरचं ओलं फडकं आत्यानं उगीचच सारखं केलं.

तो डबा घेऊन मी नांदेडला आलो आणि एका बँकेत चार खेपा घातल्या. पहिल्यांदा, मंगळवारी या. मंगळवारी, मोजणारा रजेवर. तिसऱ्यांदा खिडकीतले साहेब म्हणाले, "डबा आणलात, मोजायला माणूस आणला का?" चौथ्या खेपेला मीच फरशीवर बसून दहा-दहाच्या चळती लावल्या आणि नोटा घेतल्या. दिवाळीला ते बंडल आत्याच्या हातात ठेवलं आणि बजावलं, "आता नाणं घ्यायचं न्हाई. कुणी म्हणलं तरी न्हाई."

तिनं बंडलावरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. "समद्या नोटाच हायत का रे?"

"हाव."

"बरं," ती म्हणाली.

रिकामा डबा मी खोलीवर आणला. त्यात पेनं ठेवतो.

नाण्याची किंमत त्यावर छापलेली नसते, ती समोरच्याच्या मानण्यात असते, असं काहीतरी लिहून हा लेख संपवायचा माझा विचार होता. ते वाक्य जुळवत बसलो असतानाच आईचा फोन आला. आत्या पंधरा दिवसांपासून स्टँडवर बसत नाही. एकाच दिवशी दोघांना तिनं दहाची समजून शंभराची नोट परत दिली. एक पोरगी माघारी आली, दुसरा आला नाही. लातूरच्या डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि तोही आजचा नाही. दोन वर्षांपासून तिला धड दिसतच नव्हतं.

"मग बोलली काहून न्हाई?" मी विचारलं.

"मीबी तेच इचारलं," आई म्हणाली. "तर म्हणती, नाणं होतं तवर हाताला कळत होतं. आन् भाचा शिकलेला, त्याला कसं न्हाई म्हणू?"

आईनंच पुढं सांगितलं, सोमवारी लातूरला ऑपरेशन आहे, मी यावं.

"आन् येताना तेवढा डबा आण म्हणली."