चक्की बंद असताना येणारा आवाज

त्या तीन वर्षांबद्दल मी घरात बोलत नाही. बायको कधी पाहुण्यांसमोर गमतीनं म्हणते, "यांना पूर्वी भुतं शोधायचा नाद होता," तेव्हा मी उठून दुसऱ्या खोलीत जातो. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. किळस यावी असं बरंच होतं.

अमरावतीत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. अकोल्याचे एक गृहस्थ एकदा रेकॉर्डर घेऊन आले. त्यांची तिकडे रक्त-लघवी तपासायची लॅब होती. साध्या कानाला ऐकू न येणारा आवाज पकडेल असा माईक त्यांना हवा होता. मी बनवून दिला. कशासाठी हवा, हे त्यांनी सांगितलं आणि महिन्याभरात मी त्यांच्यासोबत गावोगाव फिरायला लागलो. तिसरा माझा मित्र, लग्नांचं शूटिंग करणारा, माझ्या शेजारचाच स्टुडिओवाला. अकोल्याच्या गृहस्थांना आम्ही दोघं सर म्हणायचो.

सर काम फार गांभीर्यानं करायचे. तारीख, वेळ, तापमान, वारा, हजर माणसं, सगळं रजिस्टरात. अंगारेधुपारे करणाऱ्यांची त्यांना चीड होती. "आपण शास्त्र करतो, बुवाबाजी नाही," ते म्हणायचे. मी बारावी नापास माणूस. कुणीतरी मला संशोधक म्हणत होतं, हे मला आवडायचं.

आणि ते दिवस आमच्या छंदाला सोयीचे होते. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. कापसाचं गणित बिघडलं होतं, जिनिंगचे कारखाने बंद पडले होते, घरांना कुलपं लावून माणसं पुण्याला नाहीतर सुरतेला निघून जात होती. पेपरात रोज कुठल्या तरी गावात कुणी तरी जीव दिल्याची बातमी. सर ती कात्रीनं कापून रजिस्टरात चिकटवायचे. तो माणूस का गेला, हे आम्ही कधी विचारलं नाही. आम्ही विचारायचो, कुठल्या खोलीत?

वलगावच्या पुढच्या एका गावातला पीठचक्कीवाला मुलीच्या लग्नाचा अल्बम न्यायला मित्राकडे आला होता. बोलता बोलता त्यानं सांगितलं, की त्याच्या चक्कीच्या मागच्या भिंतीला लागून शेजाऱ्याची एक बंद खोली आहे. त्या घरातला धाकटा भाऊ दीड वर्षापूर्वी तिथं वारला. त्याची बायको माहेरी निघून गेली, असं थोरला भाऊ सांगतो. आणि आता त्या खोलीत कुणीतरी ठोकतं.

रविवारी आम्ही तिघं गेलो. थोरल्या भावाच्या घरचे सगळे शेतात गेले होते. चक्कीवाला म्हणाला, "लाइट गेली का आवाज येते, भाऊ. चक्की सुरू असली का काईच नाई."

तेव्हा दिवसाचे निम्मे तास लोडशेडिंग असायचं. सरांनी रजिस्टरात लिहिलं : वीजप्रवाह खंडित असताना प्रकटीकरण. मग आम्हाला समजावलं, की विजेच्या लहरी नसल्या की आत्म्यांना मोकळीक मिळते. मी मान डोलावली. विजेचं काम हाच माझा धंदा होता. चक्कीच्या घरघरीत भिंतीपलीकडचं काय ऐकू येणार, आणि चक्की थांबली की का ऐकू येणार नाही, हे शाळेतल्या पोरानं सांगितलं असतं. मला ते त्या दिवशी सुचलं नाही. किंवा सुचू द्यायचं नव्हतं.

दुपारी लाइट गेली. भिंतीत वर एक झरोका होता, त्याला मी माईक लावला. थोड्या वेळानं धप धप असा हलका आवाज आला. सर भिंतीजवळ गेले आणि शांतपणे म्हणाले, "तुम्ही कोणी असाल तर दोनदा ठोका."

दोनदा ठोकलं गेलं.

"तुमची काही इच्छा राहिली आहे का?"

पुन्हा दोनदा. या वेळी जोरात, घाईघाईनं.

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझा हात दाबला. मग आम्ही सामान आवरलं, आणि चक्कीवाल्याच्या घरून आले ते पोहे त्याच भिंतीला टेकून खाल्ले. वरून चहाही घेतला.

सोमवारी दुकानात मी ते रेकॉर्डिंग साफ केलं. खरखर काढून टाकल्यावर ठोकण्याच्या मागे खोकला ऐकू आला. मग स्टीलचं भांडं फरशीवर घासल्याचा आवाज. आणि मग अगदी खालच्या आवाजात, "पानी... पानी द्या वं माय."

मी मित्राला बोलावून हेडफोन दिला. त्यानं दोनदा ऐकलं. हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "हे बाई जिती हाय."

मी सरांना फोन लावला. त्यांनी 'पानी' कितव्या मिनिटाला ऐकू येतं ते विचारून रजिस्टरात लिहून घेतलं. मग म्हणाले, "मृत्यूच्या वेळची अवस्था पुढेही टिकते, तहानही टिकते. घाई करू नका. येत्या रविवारी अकोल्यात आपला कार्यक्रम ठेवलाय, चाळीसेक लोक येतायत."

मी घाई केली नाही. मंगळवारी रेकॉर्डिंगची एक कॉपी सरांना पाठवून दिली, दोन टीव्ही दुरुस्त केले. बुधवारी एका गिऱ्हाइकाशी पिक्चर ट्यूबवरून भांडलो. दोन्ही दिवस जेवलो, झोपलो. गुरुवारी सकाळी मित्र गाडीची चावी हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. "मी तीन दिवस तुयी वाट पाहून राहिलो. तू येतं का मी एकटाच जाऊ?"

आम्ही गावच्या पोलीस पाटलाला सोबत घेतलं. थोरला भाऊ अंगणात आडवा आला. "आत काई नाई, भूत हाय. हे शहरातले तपासून गेले ना रविवारी. इचारा त्याईलेच."

आमचं संशोधन त्याच्या कामाला आलं होतं. पोलीस पाटलानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "तोडा कुलूप."

दार उघडल्यावर जो वास आला तो सांगत नाही. मित्रानं रुमाल नाकाला लावला आणि लगेच काढून खिशात घातला. आतल्या माणसासमोर तसं करणं त्याला बरं वाटलं नाही. कोपऱ्यात एक बाई बसली होती. केसांच्या जटा झालेल्या, पायाला दोरी. तिच्या भासऱ्याला, म्हणजे या थोरल्या भावाला, तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या शेताच्या कागदावर तिचा अंगठा हवा होता, तो तिनं दिला नाही. मग तिला वेडी ठरवलं, कोंडलं. गावाला सांगितलं, माहेरी गेली. माहेरी सांगितलं, कुणाचा तरी हात धरून पळाली. भुताची गोष्टही त्यानंच पसरवली होती, म्हणजे पोरंसोरंही तिकडे फिरकू नयेत.

चक्कीवाल्याच्या बायकोनं तिला तांब्याभर पाणी दिलं. ती प्यायली, आणि आमच्या सगळ्यांकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी कोन इचारून राहिलं होतं? मी ठोकलं ना. दोन डाव ठोकलं. मंग काहून नाई आले?"

मी तिच्या हातातला तांब्या घेतला आणि पुन्हा भरून आणला.

तिला अमरावतीला सरकारी दवाखान्यात नेलं. भासऱ्यावर केस झाली. संध्याकाळी मी सरांना सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "अरेरे." मला वाटलं, विषय संपला.

तरी रविवारी मी अकोल्याला गेलो. एका हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, लिंबाचं सरबत फिरत होतं. सरांनी तेच रेकॉर्डिंग लावलं. खोकला आणि 'पानी' त्यांनी कापून टाकलं होतं. फक्त प्रश्न आणि ठोके. एका दिवंगत माणसाचा प्रतिसाद, असं त्यांनी सांगितलं.

मी उभा राहिलो. "ते एका बाईनं ठोकलंय. ती जिवंत आहे. अमरावतीच्या दवाखान्यात आहे, आत्ता."

सर हसले. "आमचे हे मित्र जरा हळवे आहेत."

मागून एका सभ्य दिसणाऱ्या माणसानं विचारलं, "मग त्या बाईच्या अंगात नवरा आला होता, असं म्हणायचं का?" दुसरा म्हणाला, "सर, एकदा परत लावा ना." आणि त्यांनी परत लावलं. ती दुसऱ्यांदा जोरात, घाईघाईनं ठोकते तिथं पुढच्या रांगेतल्या एका बाईनं "आई गं" म्हणून अंग चोरलं, आणि शेजारणीकडे बघून हसली. मी बाहेर पडलो आणि नालीवर वाकून ओकलो. ओकताना पोटातून सरबत निघालं. म्हणजे तेही मी प्यायलो होतो.

सरांना मी पुन्हा भेटलो नाही. माईक परत मागितला, त्यांनी दिला नाही.

तिचा भाऊ तिला वरूडकडे घेऊन गेला. पुढच्या हिवाळ्यात मित्र आणि मी तिला भेटायला गेलो. ती संत्र्यांच्या पॅकिंगवर कामाला जायला लागली होती. भावानं आम्हाला ओसरीवर बसवलं, आत गेला आणि बऱ्याच वेळानं बाहेर आला. त्याला कसंनुसं झालं होतं.

"ते म्हणते, मी बरी हावो. पन त्याईले म्हना, पुन्हा येऊ नका."

मित्र म्हणाला, "बराबर हाय तिचं." आम्ही चहा न घेताच उठलो.